शेंड्याकडे पाहणारा सरदार

जवसाच्या तेलाचा वास आला की इतरांना चटणी आठवते, मला माझे वडील आठवतात. आम्ही त्यांना अप्पा म्हणत असू. सोलापुरातल्या एका गिरणीत, साचेखात्यात, ते कापड विणीत. खळ, यंत्राचे तेल आणि ओले सूत यांचा मिळून जो एक आंबूस वास होतो, तोच त्यांच्या अंगाचा वास होता आणि आमच्या दोन खणांच्या घराचाही. परंतु माझ्या दहाव्या वर्षीच्या उन्हाळ्यात, म्हणजे एकोणीसशे तिसाच्या आधी दोन-तीन वर्षे, अप्पा महिनाभर जवसाचा वास घेऊन घरी येऊ लागले. पहिल्याच दिवशी आईने, आमच्या अव्वाने, त्यांच्या सदऱ्याची बाही नाकाशी धरली.

"कुटं जेवून आलाव?"

"जेवलो न्हाई. नुसता बसून होतो. चितारी रंगात जवसाचं तेल घालतोय."

"चटणीचं तेल घालून रंगवतोय व्हय? मग वरनं थोडा लसूणबी घाल म्हणावं की."

अप्पा हसले. त्या चित्रापायी आमच्या घरात जे काही हसणे झाले ते बहुतेक त्या एका संध्याकाळीच संपले, असे आता मागे वळून पाहताना वाटते.

चित्र शेठजींचे होते. शेठजी म्हणजे अप्पा ज्या गिरणीत राबत तिचे मालक. त्यांनी नवा बंगला बांधला होता. त्याच्या दिवाणखान्याची एक लांबच लांब भिंत मोकळी राहिली होती, आणि भिंत मोकळी राहिली की पैसेवाल्या माणसाला पूर्वज आठवतात. बाकीच्या मालकांच्या घरी ढाल-तलवारीचे आजे-पणजे टांगलेले होते. शेठजींचे पणजोबा करकंबच्या बाजारात गोणपाट अंथरून मिरच्या विकीत. हे आमच्या गल्लीतल्या करकंबहून आलेल्या म्हाताऱ्याला ठाऊक होते, म्हणून गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. मिरच्यावाल्याची तसबीर कोण काढून ठेवणार? तेव्हा शेठजींनी ठरवले की चेहरा नसेल तर नसो, आपण इतिहासच रंगवून घेऊ. पेशवाईतली आमच्या गावची संक्रांतीची जत्रा, तळ्याकाठी लोटलेला समुदाय, मिरवणूक, आणि मिरवणुकीच्या अग्रभागी पांढऱ्या घोड्यावर जरीची पगडी घातलेले पणजोबा, अक्षतांची मूठ उधळीत.

मुंबईत शिकून आलेले एक चित्रकार त्यासाठी बोलावले गेले. त्यांना 'चितारी' म्हटलेले खपत नसे, आणि गावात त्यांना दुसरे काही कोणी म्हणत नसे. घोड्यावर बसवायला चेहरा हवा होता. तीन दिवस ते गिरणीच्या खात्याखात्यांतून हिंडले. माणसे साच्यांवर वाकलेली होती, कानठळ्या बसवणाऱ्या त्या खडखडाटात कोणी मान वर करीत नव्हते. चौथ्या दिवशी ते अप्पांपाशी थांबले आणि मुकादमाच्या कानात ओरडले, "हा माणूस! याची मान बघा!"

मान तशी होती, त्याला कारण होते. आमच्या गावात संक्रांतीला सात काठ्या निघतात. काठी म्हणजे तीन मजले उंच वेळू, फुलांनी, वस्त्रांनी मढवलेला, देवाचा ध्वज. दर काठीचा मान वेगळ्या समाजाचा, आणि मान म्हणजे ती अंगावर पेलण्याचा हक्क. पांढरी बाराबंदी घातलेला एक माणूस कमरेच्या रुंद पट्ट्यात काठीचा बुंधा घेतो आणि अनवाणी चालू लागतो. भोवतालचे दहा जण हात उचलून तयार असतात, पण हात लावीत नाहीत. काठी पेलण्याचा एकच नियम असतो. नजर शेंड्यावर ठेवायची. पायांखाली काय आहे, गच्चीवरून कोण पाहते आहे, कोण जयजयकार करते आहे, यांतले काहीही पाहायचे नाही. ज्याने लोकांकडे पाहिले त्याची काठी गेली. अप्पांना हे त्यांच्या वडिलांनी शिकवले होते, त्यांना त्यांच्या वडिलांनी. एरवी वर्षभर गिरणीत ज्यांना नावानेही कोणी हाक मारीत नसे, खात्यातल्या आकड्याने मारीत, ते अप्पा त्या दिवशी आख्ख्या गावाच्या डोक्यावरून आभाळाकडे पाहात चालत. तळ्याकाठी देवाचे लग्न लागे. अक्षता चहूकडून पडत. माझ्या केसांत अडकलेले तांदूळ वकिलीणबाईंच्या मुठीतले की रस्ता झाडणारीच्या, हे घरी येऊन विंचरताना सांगता येत नसे. ओल्या हळदीचा, झेंडूचा, घामाचा आणि धुळीचा तो वास. वर्षातून एकदा आमचे गाव असे सरमिसळ होई, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या भोंग्याबरोबर पुन्हा निवडले जाई, खडे वेगळे, तांदूळ वेगळे.

दुपारची भाकरी घेऊन मी बंगल्यावर जात असे, म्हणून चित्र होताना मी पाहिले. दिवाणखान्यात लाकडी घोडीवर खोगीर बांधलेले, त्यावर अप्पा. अंगात शेठजींचा रेशमी अंगरखा, गळ्यात मोत्यांचा कंठा, हातात लगाम म्हणून एक नाडा. उन्हाळ्याची तलखी, टर्पेंटाईनचा डोक्यात चढणारा दर्प. चित्रकारांचा जीव मेटाकुटीस आलेला.

"जरा खाली पाहा हो. सरदार आहात तुम्ही! समोर रयत आहे."

"व्हय जी."

अप्पा खाली पाहात. दोन मिनिटांत नजर हळूहळू वर चढू लागे, भिंतीवरून, तुळईवरून, छतापर्यंत.

"पुन्हा वर! काय आहे वर? पाल आहे का?"

"पाल न्हाई जी. सवय हाय. पाठ ताठ केली की डोळे शेंड्याला जातेत."

"कसला शेंडा? हातात लगाम आहे तुमच्या!"

"लगाम हाय की. पर खाली बघितलं की वाटतंय, पडंल."

"काय पडेल?"

अप्पांची नजर पुन्हा छताकडे गेली. शेवटी चित्रकारांनीच हात टेकले. "राहू दे. भाविक दिसतील," म्हणाले, आणि तसेच रंगवले.

जेवणाची वेळ झाली की अप्पा घोडीवरून उतरत. मोलकरीण येऊन अंगरखा काढून नेई आणि मागल्या अंगणात उन्हात टाकी, घामाचा वास जावा म्हणून. मग अप्पा आपल्या मळक्या बंडीत, उंबऱ्याच्या बाहेर उकिडवे बसून भाकरी खात. आत घोड्यावरचे अप्पा अर्धवट रंगलेले. बाहेर बसलेल्यांकडे त्यांचे लक्षच नसे.

एकदा मी धीर करून चित्राच्या अगदी जवळ गेले. मिरवणुकीच्या मागे, तळ्याच्या पायऱ्यांवर, शेकडो ठिपके होते. तांबडे, पिवळे, मातकट. मी विचारले, "ही कोण हायेत?"

"ती गर्दी," चित्रकार म्हणाले.

"त्यांस्नी डोळे न्हाईत."

"लांबच्या माणसांना डोळे काढायचे नसतात, बाळ." ते चांगले मनुष्य होते, त्यांनी मला समजावून सांगितले. "जवळचे तेवढे नीट काढायचे. लांबचे नुसते आहेत असे वाटले म्हणजे पुरे."

त्या पायऱ्यांवर आम्ही दरवर्षी उभ्या असू, अव्वा आणि मी. आमचा ठिपका कोणता, ते मी बराच वेळ शोधीत होते.

पुढच्या संक्रांतीनंतरच्या रविवारी चित्र पाहायला बंगला खुला झाला. सकाळी साहेब आणि वकील मंडळी, खुर्च्यांवर. दुपारी पेठेतले व्यापारी, बैठकीवर. उन्हे कलल्यावर गिरणीतली माणसे, बाजूच्या दाराने, चपला बाहेर काढून, एका रांगेत, न थांबता. समोरचे चित्र जत्रेचेच होते. आमची रांग त्याच्यापुढून हळूहळू सरकत होती. अप्पा आपल्या सोबत्यांबरोबर रांगेत होते आणि मी त्यांचे बोट धरून. साचेखात्यातला एक जण चित्रापुढे येताच ओरडला, "ओ सरदार, जरा सरकवा की घोडा! पायावर आला माझ्या!"

अप्पांनी तोंडावर हात धरला. पण आमच्या मागे एक म्हातारा होता, ज्याने तरुणपणी वीस-एक वर्षे काठी पेलली होती. तो चित्रापुढे थांबला, डोळे बारीक केले. चित्रातल्या काठीवाल्याकडे त्याने बोट दाखवले. चित्रकारांनी त्या काठीवाल्याला मान खाली घातलेला, भक्तिभावाने पायांकडे पाहणारा असा रंगवला होता. त्यांना कोणी सांगितले नव्हते, आणि त्यांनी विचारले नव्हते.

"काठीवाला खाली बघतोय," म्हातारा म्हणाला, "अन् घोडेवाला शेंड्याला. आरं, ही काठी घोडेवाल्यानंच धरलीया की!"

सगळी रांग हसली. ते हसू बाजूच्या दाराने बाहेर पडले, गल्लीबोळांत शिरले आणि वर्षभर तिथेच राहिले. बाहेरगावच्या पाहुण्यांना शेठजी सांगत की आमचे पणजोबा थोर भक्त, पाहा कशी नजर देवाकडे लागली आहे. पाहुणे मान डोलवीत. सोलापूरचा माणूस असला तर मिशीत हसे.

शेठजींपर्यंत हे हसू पोहोचायला पुढची संक्रांत यावी लागली. मिरवणूक निघाली होती. शेठजी आपल्या मित्रांसह एका गच्चीवर बसले होते. खालून अप्पा आले, पांढऱ्या बाराबंदीत, अनवाणी, कपाळावर भस्म, नजर वर. आणि त्यांची नजर शेंड्यावर असल्यामुळे गच्चीवरच्यांना त्यांचा चेहरा पुरता दिसला, चित्रातल्यासारखाच. एक वकील खुर्चीवरून उठलेच. "शेठजी, अहो तुमचे पणजोबा! आज अनवाणीच निघाले की!"

शेठजीही हसले, असे म्हणतात. आठ दिवसांनी अप्पांना बंगल्यावर बोलावणे आले.

जे झाले ते अप्पांनी घरी येऊन सांगितले, एकेक वाक्य, जणू पाठ केलेले. शेठजी रागावले नव्हते. त्यांनी अप्पांना दिवाणखान्यात न बोलावता मागच्या ओसरीवर उभे केले, आणि शांतपणे म्हणाले, "तू रोज भोंगा झाला की गिरणीत येणार, आणि लोक म्हणणार, शेठजींचा पणजोबा कामाला आला. हे मी किती दिवस ऐकू? गिरणीत आता तुझं काम नाही. करकंबला माझा उसाचा मळा आहे. तिथं राहा, घर देतो, दाणे देतो. तुझी पोरगी हुशार आहे म्हणतात. तिला इथं मुलींच्या बोर्डिंगात ठेवतो, शिकू दे."

"अन् काठी?" अप्पांनी विचारले होते.

"संक्रांतीला तू या गावात दिसता कामा नये."

अव्वाने सगळे ऐकून घेतले. माझे दोन धाकटे भाऊ चुलीपाशी झोपले होते. "मग?" ती म्हणाली.

"मग काय? आज्ज्यापासनंचा मान हाय."

"मान शिजवून घालायचाय व्हय पोरांस्नी? गिरणी तर गेलीच की. दुसऱ्या गिरणीत हा चेहरा घेऊनच जाणार न्हाई का तुमी? तितंबी हसतीलच." मग तिचा आवाज उतरला. "मला काय आनंद हाय का, देवा..."

अप्पांनी माझ्याकडे पाहिले. काठी पेलणाऱ्याने शेंडा सोडून माणसाकडे पाहिले, ते मी त्यांच्या डोळ्यांत प्रथमच पाहात होते. त्यांनी विचारले, "तुला शिकायचंय का गं?"

मी अकरा वर्षांची होते. मला पुस्तके हवी होती, पाटीऐवजी वही हवी होती, ज्या कविता मोठ्या शाळेबाहेर उभी राहून मी ऐकत असे त्या आत बसून म्हणायच्या होत्या. 'नको' या शब्दाने त्या रात्री आमचे काय झाले असते ते मला ठाऊक नाही. कदाचित आम्ही उपाशी मेलो असतो, कदाचित नाही. मी म्हणाले, "व्हय, अप्पा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कमरेचा पट्टा चुलतभावाच्या हाती दिला. चामड्यावर तीन पिढ्यांच्या घामाने काळे कडे उमटले होते. चुलतभाऊ पाया पडायला वाकले, तेव्हा अप्पा म्हणाले, "माझ्या न्हाई, पट्ट्याच्या पड." आणि मागे न पाहता आत आले.

बोर्डिंगात मी शिकले. ज्या भाषेत मी हे लिहिते आहे, ही जपून पावले टाकणारी, नेसणे नीटनेटके असलेली भाषा मला तिथे मिळाली. तिची किंमत कोणी चुकवली हे मी एका दिवसासाठीही विसरू शकले नाही, आणि म्हणून तिच्यातल्या गोड शब्दांवर माझा कधी पुरता विश्वास बसला नाही. कविता शिकवणाऱ्या बाई एकदा म्हणाल्या, "रूपकात एका वस्तूला दुसरीचे रूप उसने देतात." मी मनात म्हटले, बाई, कधीकधी ते परत करीत नाहीत.

सोळाव्या वर्षी, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, बोर्डिंगातल्या मुलींना शेठजींच्या बंगल्यावर नेले. आम्हाला पदे म्हणायची होती. पाच वर्षांनी मी त्या दिवाणखान्यात शिरले, आणि या खेपेस पुढच्या दाराने. चित्र जागच्या जागी होते. पण त्याच्या चौकटीला शेवंतीचा जाड हार घातलेला होता, पुढे समई आणि उदबत्ती. मुलांनी-नातवंडांनी दुसरा पणजोबा पाहिलाच नव्हता, तेव्हा हेच पणजोबा झाले होते, आणि त्यांची पुण्यतिथी कोणाला ठाऊक नसल्याने ती संक्रांतीला ठरवून टाकलेली होती. शेठजींच्या थोरल्या सूनबाई स्टुलावर चढून घोड्यावरच्या सरदाराच्या कपाळाला ओले गंध लावीत होत्या. त्याखाली जुन्या वर्षांचे गंध वाळून खपलीसारखे झाले होते. गंध, हार, उदबत्ती. गेलेल्या माणसाला जे जे करतात ते सगळे तिथे होते.

माझे अप्पा त्या वेळी करकंबला उसाला पाणी देत होते.

शेठजींच्या पत्नींनी आम्हाला रांगेत उभे केले आणि एकेकीच्या हातावर फूल ठेवले. माझ्यापाशी येऊन त्या थांबल्या. "तू ती करकंबची ना? आमच्या मोठ्यांच्या पुण्याईने शिकते आहेस हो. नीट नमस्कार कर."

पुण्याई त्या घोड्यावरच्याचीच होती, हे खरेच होते. माझ्या हातात शेवंती. फुलाचा कडवट, थंड वास. मी तिथेच सांगू शकले असते, बाई, हे माझे वडील आहेत, ते जिवंत आहेत, हा हार काढा. पुढल्या वर्षी माझी शेवटची परीक्षा होती. मागच्या मुलीने कोपर टोचले आणि ती कुजबुजली, "चल ना, लवकर." मी वर पाहिले. अप्पा नेहमीप्रमाणे माझ्याकडे पाहात नव्हते. मी फूल वाहिले, हात जोडले आणि पुढे सरकले.

सुटीत करकंबला गेले तेव्हा हे सांगायचे नाही असे ठरवून गेले होते. पण अव्वा चुलीपाशी बसून विचारीत राहिली. बंगला कसा आहे, शेठाणी बोलल्या का, अप्पांचं चित्र अजून हाय का. मी एकेक उत्तर देत गेले आणि हारापर्यंत येऊन पोहोचले. तिच्या हातातली भाकरी परातीतच राहिली.

"हार घालतेत? जित्या माणसाला?"

"त्यांस्नी ठाऊक न्हाई, अव्वा."

"गंधबी?"

मी मान डोलवली. तिने आपल्या कपाळाला हात लावला, कुंकू आहे की नाही हे चाचपल्यासारखा. मग ती विचारायची राहिलेली एकच गोष्ट तिने विचारली. "अन् तू?"

मी खोटे बोलू शकले असते. त्या घरात बोलून आले होतेच की.

"फूल वाहिलं," मी म्हणाले.

अव्वाने परात बाजूला सारली. तिन्हीसांजेला अप्पा मळ्यातून आले, पायांना चिखल, खांद्यावर खोरे. तिने त्यांना दारातच पाटावर बसवले, मूठभर मीठ, मोहरी आणि सात सुक्या मिरच्या घेऊन त्यांच्यावरून उतरवल्या, ओठांत काही पुटपुटत, कानडीत की मराठीत ते कळले नाही. मिरच्या करकंबच्याच बाजारातल्या होत्या. मग तिने त्या चुलीत टाकल्या. आमच्याकडे समज असा, की दृष्ट नसेल तर त्या धुराने घरातल्या सगळ्यांना ठसका लागतो. ठसका लागला नाही तर समजावे, दृष्ट फार मोठी आहे.

धूर झाला. अव्वा अप्पांच्या तोंडाकडे पाहात बसली. अप्पांनी तिच्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले, आणि मग छाती भरून खोकू लागले. खूप खोकले, डोळे पुसले. "लई जहाल हायेत गं मिरच्या," म्हणाले. ते मुद्दाम खोकत होते हे मला कळले. बहुधा अव्वालाही कळले असावे, पण तिने हात जोडले आणि पुन्हा भाकरी थापायला घेतली.

धूर आढ्याकडे चढत गेला. अप्पांची नजर त्याच्याबरोबर वर गेली आणि तिथेच राहिली. सातही मिरच्या माझ्यासमोर जळून राख झाल्या. मी चुलीच्या अगदी जवळ बसले होते, पण मला ठसका लागला नाही.